चार मीटरच्या आतलं सुख

मध्यमवर्गीय घरात कुणी एकदा "गाडी बघतोय" असं म्हणालं, की गाडी बघण्याचं काम त्याच्याकडे फारसं उरत नाही. ते नातेवाईक आपापसांत वाटून घेतात. मेहुणे रीसेल बघतात. भाचा स्टार बघतो. आकाशातले नव्हेत, क्रॅश टेस्टचे. मावशी आत बसताना डोकं आपटतं का आणि उतरताना गुडघा धरतो का, एवढंच बघते, आणि खरं सांगायचं तर या सगळ्यांत तिचीच पाहणी सर्वांत शास्त्रशुद्ध असते. काकांचा आग्रह डिझेलचा. त्यांनी एके काळी इंडिका घेतली होती, आणि तेव्हापासून पेट्रोल भरणाऱ्या माणसाकडे ते हॉटेलात पाण्याची बाटली विकत घेणाऱ्याकडे बघावं तसे बघतात.

नीट कान देऊन ऐकलं की कळतं, यातलं कुणीच आपल्या होऊ घातलेल्या गाडीबद्दल बोलत नाही. जो तो आपल्या गाडीचं आत्मचरित्र सांगतोय. ज्याची गाडी मावळात भर पावसात बंद पडली होती तो ग्राउंड क्लिअरन्सवर बोलतो, आणि जो विकताना फसला तो पांढऱ्या रंगावर. त्यामुळे सल्ला कुणाचाच खोटा नसतो. फक्त तो दुसऱ्याच्या मापाचा असतो.

माझी गरज साधी होती. रोजची गाडी हवी. सकाळी ऑफिस, संध्याकाळी परत, वाटेत भाजी, मधूनच आईचा दवाखाना, आणि रविवारी जमलं तर शहराबाहेर कुठेतरी. माणसं चार, त्यातली तीन कुठे जायचं यावर एकमत न होणारी. एवढ्यावर मी थांबलो असतो तर सभा शांततेत पार पडली असती. पण मी आणखी एक अट घातली, "चालवायला मजा आली पाहिजे." सगळे एकदम गप्प झाले. मायलेज हे कारण असू शकतं, सर्व्हिस सेंटर जवळ आहे हे कारण असू शकतं, हप्ता बसतो हे तर महाकारण. पण मजा? आमच्याकडे मजा नेहमी खर्चाच्या बाजूला मांडतात. मेहुण्यांनी विषय बदलून डिकी किती लिटरची, असं विचारलं.

डिकीमागे एक मोठी खोड दडलेली असते. आपण गाडी वर्षातल्या एका दिवसासाठी निवडतो. त्या दिवशी गणपतीला गावी जायचं असतं. आजी, दोन बॅगा, तांदळाचं पोतं, परतीला नारळ, आणि ऐनवेळी "मला फक्त चिपळूणपर्यंत सोडा" म्हणणारे शेजारी, असं सगळं त्या दिवशी आत मावलं पाहिजे. म्हणून मोठी गाडी येते. आणि मग वर्षाचे उरलेले सगळे दिवस त्या सात सीटांत एक माणूस, एक लॅपटॉप आणि एक जेवणाचा डबा पुण्यात कर्वे रस्त्यावरून पहिल्या-दुसऱ्या गिअरात सरकत असतात. डब्याला मागे भरपूर पाय पसरता येतात.

मी लहान गाडीच्या बाजूने होतो. आता लहान म्हणजे किती, हे आपल्या देशात आवडीनिवडीवर ठेवलेलं नाही. ते अर्थमंत्र्यांनी ठरवून दिलं आहे. २००६च्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी लहान गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणलं, आणि लहान कुणाला म्हणायचं तेही सांगितलं. लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत, डिझेल १,५०० पर्यंत. झालं. त्या दिवसापासून भारतीय गाड्यांची वाढ खुंटली. टाटांनी २००८मध्ये इंडिगोचा मागचा भाग आखडून इंडिगो सीएस काढली. मारुतीने २०१२मध्ये डिझायरची शेपूट कापली. लांबी ४,१६० मिलिमीटरवरून ३,९९५ वर आली आणि डिकी ४४० लिटरवरून ३१६ वर. आज नेक्सॉन घ्या, ब्रेझा घ्या, आय-ट्वेंटी घ्या, डिझायर घ्या, कागदावर लांबी बघा: ३,९९५. वेगवेगळ्या देशांतल्या, एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या कंपन्यांचे अभियंते रात्रंदिवस खपून एकाच आकड्यावर येऊन थांबतात, आणि तोही चार मीटरला पाच मिलिमीटर कमी. ते पाच मिलिमीटर बहुधा अर्थमंत्रालयाच्या आदराखातर सोडलेले असावेत.

हा नियम पुढे जीएसटीतही टिकला, आणि २२ सप्टेंबर २०२५पासून तर लहान गाडीवर १८ टक्के आणि मोठीवर ४० टक्के अशी सरळ फाळणी झाली. गाडीवाल्यांच्या सौंदर्यदृष्टीला या मीटरपट्टीचा जाच होत असेल, पण शहरात राहणाऱ्यांनी तिचे आभार मानावेत. आपल्या सोसायट्यांचं पार्किंग, जुन्या पेठांतले बोळ आणि अप्पा बळवंत चौकाजवळ जागा शोधणारा माणूस, या सगळ्यांचा विचार करून एखादा नियम कुणी मुद्दाम केला असता, तर तो याहून फार वेगळा झाला नसता.

वडिलांच्या पिढीला लहान गाडी निवडण्याचा प्रश्नच नव्हता. निवडायला काही हवं ना! एक ॲम्बॅसेडर, एक फियाट. आणि दोन्हींसाठी नंबर लावून बसायचं. फियाट कुर्ल्याला प्रीमिअरच्या कारखान्यात व्हायची आणि १९७४च्या सुमारास तिची पद्मिनी झाली. इंजिन १,०८९ सीसीचं. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बगलेत, त्यामुळे पुढच्या सलग सीटवर दाटीवाटीने तिसरा माणूस बसे. तो गिअर टाकणं ही विद्या होती. आत ओढून वर, बाहेर ढकलून खाली, आणि मधे कुठेतरी एक जागा जिथे काहीच लागत नाही पण आवाज सगळे होतात. बाबा अजूनही सांगतात, ज्याला फियाट आली त्याला सगळं आलं. इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना, म्हणून तो जोर मागे नेणारा दांडा गाडीच्या पोटाखालून जाई, आणि मागच्या सीटवर मध्ये बसणाऱ्याच्या पायाखाली त्याचा उंचवटा येई. घरातल्या सर्वांत धाकट्याचं बालपण त्या उंचवट्यावर पाय ठेवून गेलं. फियाट टॅक्सीच्या रूपाने मुंबईत तग धरून होती. ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा हळहळणाऱ्यांत तिच्यात घामाघूम होऊन बसलेलेच जास्त होते.

मग १४ डिसेंबर १९८३ला मारुती ८०० आली. पहिल्या गाडीची किल्ली इंदिरा गांधींनी दिली, किंमत पन्नास हजारांच्या आसपास. तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं इंजिन, बारा इंची चाकं, वजन साडेसहाशे किलोच्या घरात. ॲम्बॅसेडरवाले तिला काड्यापेटी म्हणाले. आणि त्या काड्यापेटीने पुढची तीस वर्षं, जानेवारी २०१४मध्ये कारखान्यात तिचा शेवट होईपर्यंत, देशाला गाडी चालवायला शिकवलं. तिचं कौतुक लोक स्वस्तपणासाठी करतात. पण ती ज्याने हातात घेतली त्याला ठाऊक आहे की खरी गोष्ट वेगळी होती. ती गाडी सांगितलेलं ऐकायची. स्टिअरिंग वळवलं की वळायची. ॲम्बॅसेडर आधी विचार करायची, मग कलायची, मग वळायची.

त्या हलकेपणाचं मूळ बरंच मागे आहे. १९५६मध्ये सुएझचा पेच झाला, ब्रिटनमध्ये पेट्रोलची टंचाई झाली, आणि ॲलेक इसिगोनिस नावाच्या अभियंत्याला सांगण्यात आलं की कमी पिणारी, चार माणसांची गाडी कर. त्याने दहा फूट लांबीत ती बसवली. युक्ती एवढीच की इंजिन उभं न ठेवता आडवं टाकलं आणि जोर पुढच्याच चाकांना दिला. पोटाखालचा दांडा गेला, उंचवटा गेला, आणि गाडीच्या जमिनीचा सुमारे ८० टक्के भाग माणसांना आणि सामानाला मिळाला. ही मिनी १९५९ची. पेट्रोल वाचवण्यासाठी जन्माला आलेल्या या गाडीने १९६४मध्ये माँटे कार्लोची रॅली जिंकली, तीही आपल्याहून कितीतरी दांडग्या गाड्यांना बर्फातल्या वळणांवर मागे टाकून. काटकसर आणि मजा एका घरात नांदू शकतात याचा याहून चांगला पुरावा माझ्याजवळ नाही. मारुती ८०० त्याच आडव्या इंजिनाच्या वंशातली, आणि आज आपण शोरूममध्ये बघतो त्या जवळजवळ सगळ्या लहान गाड्याही.

हे सगळं मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "ते ठीक. पण किती देते?"

या प्रश्नाचं अधिकृत उत्तर पुण्यातच तयार होतं, ही आम्हा पुणेकरांच्या अभिमानाची बाब आहे. वेताळ टेकडीवर एआरएआय ही १९६६मध्ये स्थापन झालेली, गाड्या तपासणारी संस्था आहे. अर्धं कोथरूड रोज सकाळी ज्या टेकडीवर कानटोपी घालून फिरायला जातं आणि तिला एआरएआय टेकडी म्हणतं, ती हीच. गाडीच्या जाहिरातीत लिटरला अमुक किलोमीटर असा दोन दशांश स्थळांपर्यंतचा जो आकडा असतो तो अशा संस्थांच्या चाचणीतून येतो. गाडी रोलरवर चढवतात. चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. ठरलेल्या तालावर वेग वाढवायचा, कमी करायचा, थांबायचं, पुन्हा निघायचं. वेग ९०च्या वर न्यायचा नाही. एसी बंद. समोर रिक्षा नाही, मागे हॉर्न नाही, उजवीकडून डावीकडे वळणारी स्कूटर नाही. अशा समाधीत जो आकडा निघतो तो खोटा अजिबात नसतो. फक्त तो टेकडीवरचा असतो. आपण राहतो खाली, नळ स्टॉपला.

खाली काय होतं हे एकदा नीट समजून घेतलं की मायलेजचं दुःख बरंच हलकं होतं. सिग्नलला उभी असलेली गाडी लिटरला शून्य किलोमीटर देते, मग ती कुणाचीही असो. निघताना पेट्रोल जाळून जो वेग कमावला, तो पुढच्या सिग्नलला ब्रेक दाबताच उष्णता होऊन हवेत जातो. म्हणजे शहरात पेट्रोलचा मोठा खर्च आहे तो पुन:पुन्हा तेच वजन उचलून पळवण्याचा. वजन जितकं कमी तितका हा भुर्दंड कमी. इथेही जिंकते ती हलकी गाडी. आणि गंमत म्हणजे जी गोष्ट पेट्रोल वाचवते, तीच वळणावर मजा देते. मेहुण्यांच्या आणि माझ्या यादीत हा एकच मुद्दा सामाईक निघाला.

मग टेस्ट ड्राइव्ह. शोरूमवाल्यांनी आपला एक रस्ता ठरवलेला असतो. गुळगुळीत, रुंद, सगळी वळणं डावीकडची, म्हणजे कुठे थांबायलाच नको. शेजारी बसलेला मुलगा अतिशय विनम्र. इंजिन सुरू व्हायच्या आत त्याने मला दहा इंची पडदा दाखवला, फोन जोडून दाखवला, दिव्यांचे रंग बदलून दाखवले, आणि सगळ्यांत शेवटी छत उघडलं. एप्रिल महिना, दुपारची वेळ. पुण्याचं ऊन थेट डोक्यावर आलं. "सर, सनरूफला फार डिमांड आहे," तो म्हणाला. मी म्हटलं, "दादा, ते लावून घ्या आणि आपण जरा आमच्या सोसायटीकडे जाऊ." तो बिचारा पहिल्यांदाच गडबडला. टेस्ट ड्राइव्हला गिऱ्हाईक आपल्या घरी नेतं हे त्याच्या प्रशिक्षणात नव्हतं.

पण गाडीची परीक्षा तिथेच होते. आमच्या गेटशी जो स्पीड ब्रेकर आहे तो पाहण्यासारखा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार स्पीड ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे २५च्या वेगाने गाडी अलगद चढून अलगद उतरते. आमचा मिस्त्रीने उरलेल्या सिमेंटमध्ये केला आहे. रुंदीला वीतभर, आणि उंचीला त्याने हात राखलेला नाही. लहान गाड्यांचा ग्राउंड क्लिअरन्स साधारण १६५ मिलिमीटरचा. त्यात चार माणसं बसली की मागून गाडी आणखी खाली बसते. तेव्हा तिरकी चढवायची, एक चाक आधी, मग दुसरं, आणि तोंडातल्या तोंडात देवाचं नाव. त्याच्या पुढे तळघरात उतरणारा रॅम्प, रॅम्पच्या शेवटी काटकोनात वळण, आणि वळणावर एक खांब. त्या खांबावर कमरेच्या उंचीला सोसायटीतल्या झाडून सगळ्या गाड्यांचे रंग आहेत. पांढरा, चंदेरी, लाल, मधे एक निळा पट्टा. कोणती गाडी लोकप्रिय आहे हे तो खांब कोणत्याही सर्वेक्षणापेक्षा खरं सांगेल.

एक मोठी गाडी तिथे दोनदा मागेपुढे करावी लागली. शेवटी घेतलेली लहान गाडी एका झटक्यात वळली. तिचा वळण्याचा घेर ४.८ मीटर त्रिज्येचा आहे हे मी नंतर कागदावर वाचलं. तेव्हा मला फक्त एवढं कळलं, की डावा आरसा खांबापासून हातभर लांब राहिला आणि माझ्या खांद्यांतला ताण गेला. रोजच्या गाडीतली मजा इथून सुरू होते. क्लच इतका हलका हवा की तासभर सरकत्या गर्दीत डावी पोटरी भरून येऊ नये. दुसरा गिअर असा हवा की त्यात गाडी चालीच्या वेगापासून चाळीसपर्यंत कुरकुर न करता जावी, कारण शहरात आपलं आयुष्य दुसऱ्या गिअरातच जातं. काचा मोठ्या हव्यात, पुढचा खांब असा हवा की रस्ता ओलांडणाऱ्या आजी त्याच्यामागे दडू नयेत. हे कुठल्याच जाहिरातीत नसतं, कारण याचा फोटो निघत नाही.

गिअर आपोआप पडणारी घ्यावी का, यावर घरात मतभेद झाले. २०१४मध्ये सेलेरिओबरोबर आपल्याकडे एएमटी आली. आत गिअरबॉक्स नेहमीचाच. फक्त आपला डावा पाय आणि डावा हात यांचं काम एक यंत्र करतं. त्यामुळे ती स्वस्त पडते आणि मायलेजही खात नाही. पण ते यंत्र दर गिअरला क्षणभर थांबतं, जोर सोडतं, आणि गाडीतले सगळे एकाच वेळी किंचित मान डोलावतात. बायकोला त्यात काही वावगं वाटलं नाही. "गाडी तरी आपलं म्हणणं मान्य करते," असं ती म्हणाली. मी हाताच्या गिअरवर अडून राहिलो. ज्यांचे गुडघे बोलायला लागलेत त्यांनी एएमटीच घ्यावी, यात शंका नाही. माझे अजून मौनात आहेत.

राहिला भरवशाचा मुद्दा. यावर मी कुणाही नातेवाईकाला न विचारता आमच्या गॅरेजवाल्या अण्णांकडे गेलो. त्यांचा उभा जन्म गाड्यांच्या पोटाखाली आडवा गेला आहे. मी विचारलं, "अण्णा, कोणती घेऊ?" ते एका उघड्या बॉनेटमध्ये कोपरापर्यंत गेले होते. तिथूनच म्हणाले, "जी माझ्याकडे येत नाही ती." मग हात पुसत बाहेर आले आणि आजूबाजूला उभ्या असलेल्या गाड्यांकडे नुसती नजर फिरवली. मीही फिरवली. हजेरीपट समोरच होता.

अण्णांचं तत्त्वज्ञान थोडक्यात असं: जेवढं कमी तेवढं बरं. टर्बो नसलेलं साधं पेट्रोल इंजिन. ते हवा स्वतःची स्वतः ओढतं आणि तक्रार करत नाही. साखळीवरचं टायमिंग असेल तर उत्तम, पट्टा असेल तर तो वेळेवर बदलायचा. क्लच प्लेटपासून आरशाच्या कानापर्यंत सगळं नाना पेठेत हाताला लागलं पाहिजे, आणि कुडाळला किंवा बार्शीला बंद पडली तर तिथल्या पोराने आधी अशी दहा उघडलेली असली पाहिजेत. डिझेलबद्दल मी काकांचं मत सांगितलं तेव्हा अण्णा हसले. १ एप्रिल २०२०पासून धुराचे बीएस-६ नियम आले आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी पकडणारी गाळणी बसली. ती काजळी जाळून टाकायला धुराडं चांगलं तापावं लागतं, म्हणजे गाडी हायवेला सलग पळावी लागते. रोज घर ते ऑफिस एवढंच सरकणाऱ्या गाडीचं धुराडं तापतच नाही, गाळणी तुंबते, आणि समोर पिवळा दिवा लागतो. "मग साहेब मला फोन करतात," अण्णा म्हणाले, "आणि मी सांगतो, साताऱ्याला जाऊन या. त्यांना वाटतं मी चेष्टा करतो." काकांच्या काळातलं डिझेल खरंच भरवशाचं होतं. ते रोज लांब जात, हे मात्र सल्ला देताना सांगायचं राहून जाई. लहान गाड्यांच्या बाजारातून डिझेल आता जवळजवळ गेलंच आहे. मारुतीने तर बीएस-६ आलं त्याच दिवशी त्याला रामराम ठोकला.

भाच्याच्या स्टारबद्दल मात्र मी एक शब्दही उलट बोललो नाही. जानेवारी २०१४मध्ये क्रॅश टेस्ट घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने आपल्याकडच्या पाच लहान गाड्या ताशी ६४ किलोमीटरने आदळून पाहिल्या आणि पाचही शून्यावर बाद झाल्या. तोवर "लहान गाडी म्हणजे पत्रा पातळच" हे आपण गृहीत धरून चाललो होतो. २०१८च्या डिसेंबरात नेक्सॉनला पाच स्टार मिळाले, २०२३च्या ऑक्टोबरात भारत एनकॅप सुरू झालं, आणि चार मीटरच्या आतही माणूस वाचवता येतो हे सिद्ध झालं. त्यापायी गाड्या जड झाल्या. ८००चं वजन आता कुणाला परवडणार नाही. मजेतली थोडी कपात करून ती एअरबॅगांत भरली, असं समजायचं. भाचा खूश, मावशी खूश, आणि मागच्या सीटवरच्या पट्ट्याचं कुलूप शोधण्यात आईचाही वेळ चांगला जातो.

गाडी आली दसऱ्याला. चाकाखाली लिंबं, बॉनेटवर स्वस्तिक, पेढे, सगळं रीतसर झालं. मेहुण्यांनी सीटवरचं प्लास्टिक काढू नका म्हणून बजावलं. रीसेलला बरं पडतं. पुढच्याच रविवारी सकाळी, शहर उठायच्या आधी, मी तिला जुन्या कात्रज घाटात नेली. नव्या बोगद्यातून साताऱ्याकडे जाणारी वाहतूक या रस्त्याला विसरली आहे, म्हणून तो अजून चालवण्यासारखा उरलाय. चढ, डावं वळण, उजवं वळण, मधे एखादा सायकलवाला, कठड्यावर माकडं. तिसरा गिअर. या इंजिनांचा जोर खाली नसतो. तो काटा चार हजारांच्या आसपास गेला की जागा होतो. म्हणजे तो मागावा लागतो. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, गिअर एक खाली घ्यायचा, आत शिरताना पाय हलका ठेवायचा आणि वळण उलगडायला लागलं की दाबायचा. इंजिन आवाज चढवतं, गाडी पुढे सरते, काट्याकडे बघावं तर वेग चाळीस-पन्नास. कुणालाही सांगण्यासारखा आकडा नव्हे. पण त्या क्षणी त्या गाडीतलं सगळंच्या सगळं कामाला लागलेलं असतं.

मला वाटतं लहान गाडीचं मर्म यात आहे. दोनशे अश्वशक्तीच्या गाडीतले दीडशे घोडे पुण्यात जन्मभर बांधलेलेच राहतात. एक्स्प्रेस-वेवरही सपाटीला शंभरची मर्यादा आहे. तिथे ते नुसते खूर आपटतात. धन्याला मात्र त्यांच्या वैरणीचा, विम्याचा आणि हप्त्याचा भार रोज. लहान गाडीत ऐंशी घोडे, आणि चढावर ऐंशीच्या ऐंशी हजर. जे घेतलं ते सगळं वापरता येणं हे सुख घरात, कपाटात, फोनमध्ये कुठेच मिळत नाही. सगळीकडे आपण निम्मं वापरतो आणि पूर्ण पैसे भरतो. आणि भरवसा म्हणजे तरी काय? गाडी सुरू होईल का, हा विचार ज्याला करावा लागत नाही त्यालाच वळणाचा विचार करायला मन मोकळं राहतं. मेहुण्यांच्या यादीतला भरवसा आणि माझ्या यादीतली मजा ही भांडणारी भावंडं नव्हतीच. एकाने घर सांभाळलं म्हणून दुसरी हुंदडू शकते.

हे मी घाटातून आल्यावर चहा घेता घेता समोरच्या बिऱ्हाडातल्या नानांना सविस्तर सांगत होतो. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आम्हीही परवा हीच बुक केली." मी उत्साहाने विचारलं, "इंजिन बघून ना?" तर ते म्हणाले, "छे हो. हिला तो लाल रंग आवडला. गेलो, चेक दिला, आलो. वाटेत इडली खाल्ली." एवढी वर्षं लागली होती मोटारीच्या इतिहासाला त्या गाडीपर्यंत पोचायला, आणि नाना इडलीच्या वाटेवर पोचले होते. वाईट वाटण्याचं मात्र काही कारण नाही. त्यांना लाल रंग मिळाला, मला तिसरा गिअर मिळाला, आणि ऑन-रोड किंमत दोघांना सारखीच पडली. सनरूफ त्यांनीही घेतलं नाही. काकू म्हणाल्या, कबुतरं फार आहेत.